आवाज आला पाहिजे

आमच्या घरात अभ्यासाचा एकच नियम होता. आवाज आला पाहिजे.

दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, वाचता येत नव्हतं. पोरी पुस्तक उघडून बसल्या आहेत एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं नाही. पुस्तक उघडून माणूस झोपाही काढू शकतं, असं त्यांचं म्हणणं. ते दाराबाहेर अंबाडीचा दोर वळत बसायचे, आणि आतला आवाज थांबला की विचारायचे, "काय करून राहिल्यात गं? आवाज येईना." मग अक्का पुन्हा वाचायला लागायची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.

गाव रेणापूरजवळ, वस्ती बौद्धांची. दादा आणि माय दुसऱ्यांच्या शेतात कामाला जात. लेकरांनी शिकायचं, हे आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. कसं शिकायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून सगळे मोठ्यानं वाचत. दिवेलागणीला वस्तीतून चाललं की एका घरातून इतिहास ऐकू यायचा आणि दुसऱ्यातून पाढे.

मला ऐकलेलं लगेच राहायचं. विहारात पौर्णिमेला वंदना व्हायची. पालीतला एक शब्द कळत नव्हता, पण शाळेत जायच्या आधीच मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. अक्का मध्येच अडायची. बायका म्हणायच्या, धाकटी हुशार हाय. त्या दोन शब्दांनी पुढं बरंच काही ठरवलं.

दुष्काळ पडला तेव्हा मी पहिलीत होते, अक्का तिसरीत. माय आणि दादा पाझर तलावाच्या कामावर गेले. अक्कालाही नेलं. तिचं नाव हजेरीत लागत नव्हतं, पण मायच्या वाट्याच्या टोपल्या ती उचलायची. कामावर खायला मिळालेली गोड पिठाची सुकडी फडक्यात बांधून माझ्यासाठी घरी आणायची. असे दोन हंगाम गेले. नंतर गुरुजींनी तिला पुन्हा तिसरीतच बसवलं. तोवर मी तिसरीत आले होते. अशा आम्ही दोघी बहिणी एका वर्गात आलो आणि दहावीपर्यंत एका वर्गात राहिलो.

वर्ग एक, घर एक, म्हणून पुस्तकांचा संच एकच. एकीनं वाचायचं, दुसरीनं ऐकायचं. थोरली म्हणून वाचण्याचा मान अक्काला मिळाला. तिचा आवाजही खणखणीत होता, दाराबाहेर सहज जायचा. माझा बसका. ती वाचायची तेव्हा माझे हात मोकळे, म्हणून कामं माझ्याकडं आली. रेशनच्या लाल मिलो ज्वारीतले खडे निवडायचे, शेंगा फोडायच्या, पुढं भाकरी थापता यायला लागली तेव्हा भाकरी थापायची. पुस्तक तिला आणि काम मला, म्हणून मी कुरकुर करायची. माझ्यावरच अन्याय होतो असं मला खरोखर वाटायचं.

परीक्षेत मात्र मला काही आठवावं लागायचं नाही. प्रश्न वाचला की अक्काचा आवाज सुरू व्हायचा. ती कुठं थांबली, कुठं खोकली, तेही ऐकू यायचं. मी नुसतं उतरवून घ्यायची. तोच धडा तीन-तीनदा वाचलेली अक्का माझ्या पुढच्या रांगेत जवळपास कोरा कागद घेऊन बसलेली असायची. दरवर्षी कशीबशी वर ढकलली जायची.

आठवीत गुरुजी तिला म्हणाले, "तू रेडिओ हायस बघ. दुसऱ्याला ऐकू येतं, तुझ्या आत काही राहत न्हाई."

वर्ग हसला. मी हसले. अक्काही हसली. मग ते नावच पडलं. वस्तीतली पोरं तिला वाटेत विचारायची, "रेडिओ, आज बातम्या न्हाईत का?" ती म्हणायची, "सेल संपलाय, तुझ्या बापाला सांग आणायला."

एकदा मी आत आले तर ती विज्ञानाचा धडा जुन्या वहीत बघून लिहून काढत होती. गप्प, मान खाली. बाहेरून दादांनी हाक मारली.

"लिहून राहिले, दादा," ती म्हणाली.

"लिहिणं मागून. आधी वाच. धाकटीला ऐकू दे की."

तिनं वही मिटली आणि वाचायला घेतलं. त्या धड्यावरचे प्रश्न चाचणीत आले तेव्हा तिला अर्धे आले होते. अर्धेच, कारण अर्धाच धडा लिहून झाला होता. हे मला फार पुढं जाऊन कळलं.

दहावीला मी पास झाले. अक्का दोन विषयांत गेली, इतिहास-भूगोल आणि विज्ञान. गणितात मात्र तिला माझ्याहून पुष्कळ जास्त गुण होते. मी गणितात काठावर होते. गणित मोठ्यानं वाचता येत नाही. ते आम्ही दोघी आपापल्या पाटीवर सोडवायचो. मार्कलिस्टं दोन दिवस घरात फिरत होती आणि त्यात सगळं लिहिलेलं होतं. गुरुजींनी ती बघितली आणि म्हणाले, गणितात कुणाचं तरी बघून लिहिलं असणार. दादांनी तिला एकदाच विचारलं, "बघितलंस का?" ती न्हाई म्हणाली.

तेव्हा दहावीवर डी.एड.ला घ्यायचे. माझा नंबर नांदेडला लागला. त्याच पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले. शेजारची आत्या म्हणाली, "जिल्हा झाला म्हणून हिरीला पाणी आलं का?" पण दादांना कुणीतरी सांगितलं होतं की आता लातुरात नवी हापिसं उघडणार, दवाखाने वाढणार, दहावी पास पोरींना घेणार. दादांनी अक्काला समोर बसवलं.

"ऑक्टोबरला बस. पास झालीस तर लातुरात नोकरीचं बघू. न्हाई तर मग भोकरचं स्थळ हाय, त्यांना हो म्हणावं लागंल. ते किती दिस थांबतील?"

"पास होते, दादा," अक्का म्हणाली.

तिला भोकरला जायचं नव्हतं. स्थळ वाईट होतं असं नाही. तिला नोकरी करायची होती. सकाळी डबा घेऊन एस.टी.नं लातूरला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं. कुठली नोकरी, ते तिनं ठरवलं नव्हतं. डबा कोणता न्यायचा ते ठरवलं होतं.

मी जुन्या नांदेडात एका घराची मागची खोली भाड्यानं घेतली. पहिल्यांदाच सगळी पुस्तकं माझी एकटीची होती. मी पान उघडायची, डोळे ओळींवरून फिरायचे, आणि पान उलटताना मागचं पान पुसलेलं असायचं. मोठ्यानं वाचून बघितलं. स्वतःचा आवाज मला ऐकूच जात नव्हता म्हणा ना. पहिल्या चाचणीत मी चार विषयांत नापास झाले. घरी पत्र टाकलं, की मला जमत नाही, परत येते. ते पत्र दादांना अक्कानंच वाचून दाखवलं असणार. दुसरं कोण होतं वाचायला?

आठवड्यात अक्का दारात उभी. डोक्यावर ज्वारीचं गठुडं, काखेत आमचा दहावीचा जुना संच.

"दादांनी सांगितलंय, दोघी मिळून वाचा, आजवर केलं तसं," ती म्हणाली. "तुझं बी होईल न् माझं बी. भांडी कुठंयत तुझी?"

तिच्या परीक्षेआधी महिनाभर आम्ही अशा राहिलो. सकाळी ती स्वतःचं वाचायची, तासभर, मोठ्यानं. तिलाही दुसरी रीत माहीत नव्हती. मी कॉलेजातून आले की माझी पुस्तकं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती वाचायची आणि मी स्वयंपाक, धुणं, निवडणं करत ऐकायची. पहिल्या आठवड्यातच मला सगळं यायला लागलं. मास्तरांनी वर्गात विचारलं, कुठल्या क्लासला जातेस?

एका दुपारी घरमालकांकडं वर्तमानपत्र आलं. त्यात नव्या जिल्ह्याचा नकाशा होता. अक्का पाणी आणायला गेली तेव्हा तिनं तो उभ्या उभ्या बघितला. आल्यावर पिठाची परात पुढं घेतली आणि मळायच्या आधी बोटानं पिठात रेघा ओढायला लागली.

"हे औसा. हे निलंगा, कर्नाटकाच्या अंगाला. हे उदगीर. वर अहमदपूर. आन् हे आपलं लातूर."

"रेणापूर कुठाय?"

"रेणापूर तालुका न्हाई, बाई. पण काढायचं झालं तर हितं येईल." तिनं करंगळी टेकवली.

मी गंमत म्हणून पेपर मागून आणला आणि ताडून बघितलं. सीमेचं एकेक वळण बरोबर होतं.

"पाठ कधी केलंस हे?"

"पाठ कुठं केलं? बघितलं न् काढलं."

"मग भूगोलात कशी नापास झालीस?"

"तिथं वाचलेलं लिहावं लागतं," ती म्हणाली आणि पिठात पाणी ओतलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांत आम्ही मानसशास्त्राच्या पुस्तकात एका प्रकरणापाशी आलो. मुलं कशी शिकतात, असं प्रकरण. अक्का भिंतीला टेकून वाचत होती, मी तूर निवडत होते. पुस्तकात सरळ लिहिलं होतं की काही मुलांच्या लक्षात कानानं ऐकलेलं राहतं, काहींच्या डोळ्यांनी बघितलेलं, काहींच्या हातानं केलेलं. शिक्षकानं सगळ्यांना एकाच पद्धतीनं शिकवलं तर त्यातली बरीच मुलं मंद वाटतात. ती मंद नसतात. अक्कानं हे आपल्या खणखणीत आवाजात, स्वल्पविरामाला थांबत, नीट वाचलं.

माझे हात थांबले. मी कानाची आहे, हे मला त्या क्षणी कळलं. आणि समोर बसून वाचणारी कशाची आहे, तेही कळलं. पिठातला नकाशा, पाटीवरचं गणित, अर्धा लिहून काढलेला विज्ञानाचा धडा, सगळं एका दमात समोर आलं.

"झोपलीस का?" अक्कानं विचारलं.

"न्हाई."

"पुढलं वाचू का?"

"वाच," मी म्हणाले.

हे नंतर उमगलं, तेव्हा लहान होते, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण तसं नाही. मला तेव्हाच पुरतं कळलं होतं. सोळा वर्षांची होते, काही दूधपिती नव्हते. तिला एवढंच सांगायचं होतं, की तू मनात वाच आणि लिहून काढ. पण लिहायला वेळ लागतो. तिच्या परीक्षेला पंधरा दिवस होते, माझी सहामाही त्याच सुमाराला. ती लिहायला बसली असती तर मला कोण वाचून दाखवणार होतं? मी ठरवलं, माझे पेपर होऊ देत, मग सांगते. माझे पेपर झाले तेव्हा तिचे होऊन गेले होते.

पेपरला लातूरला जाताना तिनं मला दोन दिवसांच्या भाकरी करून ठेवल्या.

"सगळं झालंय का तुझं?" मी विचारलं.

"झालंय की. लई वाचलं यंदा."

परत आली ती पिशवी ठेवून भिंतीला टेकली. मग म्हणाली, "पान दिसत होतं गं. चित्राच्या खाली, डाव्या अंगाला हाय उत्तर, हे बी कळत होतं. पर तिथं काय लिहिलंय ते वाचता येईना."

मी तिला पाणी दिलं. तेव्हाही सांगितलं नाही. तेव्हा सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. उपयोग होता. मार्चला पुन्हा बसता आलं असतं. पण मार्चलाही माझी परीक्षा होतीच, आणि तोवर ती वाचून दाखवायला नांदेडलाच राहिली.

ऑक्टोबरचा निकाल लागला. विज्ञानात थोडक्यात गेली, इतिहास-भूगोलात बऱ्याच गुणांनी. दादांनी भोकरला होकार कळवला. उन्हाळ्यात लग्न झालं. मांडवात दादा पाहुण्यांना सांगत होते, "धाकटी मास्तरीण व्हायली. थोरलीला डोकं न्हाई, पर कामाला वाघ हाय." हळद लावलेली अक्का ते ऐकून हसली. त्या वर्षी मानसशास्त्रात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते.

मी लातूर जिल्ह्यातच शिक्षिका झाले. नव्या जिल्ह्यात शाळा निघत होत्या, माणसं लागत होती. वर्ग माझा चांगला चालायचा. पहिला आठवडा मी शिकवायची नाही, नुसती बघायची. कोण ऐकून धरतं, कोण भिंतीकडं तोंड करून लिहितं, कुणाला खडे मांडल्याशिवाय बेरीज येत नाही. ज्याचं जे, त्याला ते करू द्यायची. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, वर्ग एवढा शांत कसा? मी म्हटलं, लिहून राहिलीत, साहेब. माझ्या वर्गातली पोरं चांगली निघायची, म्हणून दुसऱ्या शिक्षकांपुढं बोलायला मला बोलवायला लागले. तिथं मी एका मुलीचं उदाहरण द्यायची. सगळे तिला ढ म्हणायचे, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ती लिहून शिकते, आणि मग ती दहावी पास झाली. असं मी सांगायची. टाळ्या पडायच्या. किती वर्षं सांगितलं, मोजलेलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी भोकरला अक्काकडं गेले. तिचा संसार बरा आहे. मुलगा शेती करतो, सून समंजस आहे. नात सातवीत. आम्ही अंगणात बसलो होतो, अक्का सुपात डाळ पाखडत होती. नात पायरीवर वहीत बघून काहीतरी लिहीत होती.

"तोंड उघडून वाच की गं," अक्का तिला म्हणाली. मग माझ्याकडं वळून, नातीला ऐकू जाईल अशीच, "माझ्यावर गेली ही. ढ."

पोरीनं मान आणखी खाली घातली.

तिला ढ म्हटलेलं मला ऐकवलं नाही. मी म्हणाले, "अक्का, तिला लिहू दे. तिचं लिहून डोक्यात बसतं. ती ढ न्हाई. तुझं बी तसंच होतं."

"माझं काय होतं?"

मग मी सांगितलं. परातीतला नकाशा तिला आठवत नव्हता. गणिताचे गुण आठवत होते, अगदी आकड्यासकट. मोठ्यानं वाचताना सगळं दुसऱ्याच्या कानात जातं आणि आपल्याला काही राहत नाही, अशीही माणसं असतात, त्यात डोक्याचा दोष नसतो, हे मी वर्गात सांगावं तसं सांगत गेले. अक्काचं सूप मांडीवर थांबलं होतं.

"म्हणजे मी ढ न्हवते?"

"न्हवतीस."

"दादाला ठाव होतं?"

"न्हाई."

"दादा जाईस्तोवर मला समजवायचे. म्हणायचे, तुझी चूक न्हाई बाई, तुझं डोकंच तेवढं, वाईट वाटून घेऊ नको." तिनं सुपातला एक खडा उचलला, बाजूला टाकला. "तुला कवा कळालं हे?"

खोटं बोलता आलं असतं. नोकरीत लागल्यावर कळलं, पुस्तकात वाचलं, काहीही.

"नांदेडात," मी म्हणाले.

"मी तिथं होते तवा?"

"हाव."

"ऑक्टोबरच्या आधी का नंतर?"

"आधी."

तिनं सूप उचललं आणि उरलेली डाळ पाखडून संपवली. घाई केली नाही. डाळ डब्यात भरली, झाकण लावलं. नातीला म्हणाली, "लिही तू बाई. लिहूनच कर." पोरीनं आमच्या दोघींकडं बघितलं आणि पुन्हा लिहायला लागली.

मग अक्का मला म्हणाली, "तुझी यष्टी कितीला हाय?"

मी दोन दिवस राहायला आले होते. तसं येतानाच फोनवर बोलणं झालं होतं, आणि सुनेनं आत माझं अंथरूणही काढून ठेवलं होतं.

"चारला एक आहे," मी म्हणाले आणि पिशवी आणायला आत गेले.